माणमधली अवसेची रात्र आणि देवापुढचे लहानपण

शाहूपुरीकर

मार्गशीर्षातल्या अमावास्येला मी माण तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. धाकट्या भावाचा पाय मुरगळला होता आणि त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्री दहानंतर येत होती, म्हणून कांद्याची दारे धरायला मी साताऱ्याहून गेलो. भावाशी माझे दोन वर्षे नीट बोलणे नव्हते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाद झाला होता, आणि त्या वादात आपलीच बाजू खरी आहे याची मला इतकी खात्री होती की, एस.टी.त बसल्यापासून त्याला काय काय सुनवायचे याची मी मनात उजळणी करत होतो. हे आधी सांगतो, कारण त्या रात्री मला जे वाटले ते ही उजळणी वगळून सांगता येणार नाही.

सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे माणच्या नशिबी दुष्काळ आला, पण त्याच कोरड्या हवेने त्याला असे आभाळ दिले की शाहूपुरीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते पाहून गहिवरून यावे. साताऱ्यात दिव्यांच्या उजेडातून मोजके तारे तेवढे डोळ्यांपर्यंत पोहोचतात. गावी जेवणे उरकल्यावर अंगणातला दिवा मालवला, घोंगडी अंथरली आणि आईला म्हटले, ‘ये, तुला काही दाखवतो.’ आईचे वय 83 आहे आणि तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. अर्धा तास आम्ही नुसते पडून राहिलो, कारण डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. मग उत्तरेच्या अंगाला उंचावर शर्मिष्ठा ही ताऱ्यांची आकृती शोधली आणि तिच्या टोकाच्या रोखाने देवयानीपर्यंत आलो.

देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनीही दिसते, पण आईसाठी मी दुर्बीण नेली होती. तिला बराच वेळ काही सापडेना. मी सांगितले की थेट त्या जागी पाहू नकोस, जरा बाजूला नजर ठेव. ती गप्प झाली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, ‘दिसलं. आरशावर कुणी हलकंच श्वास सोडल्यागत दिसतंय.’ ते काय आहे हे मी तिला सांगितले. आपण ज्या आकाशगंगेत राहतो तिच्यासारखी ती दुसरी आहे, तिच्यात आपल्या सूर्यासारखे अब्जावधी तारे आहेत, आणि आत्ता तुझ्या डोळ्यांत शिरलेला उजेड तिथून निघाला तेव्हा या पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता, कारण त्याला इथवर यायला सुमारे 25 लाख वर्षे लागली. आईने एकही प्रश्न विचारला नाही. दुर्बीण बाजूला ठेवून तिने हात जोडले आणि ती दिवा लावायला आत गेली.

दहानंतर वीज आली. मी खोरे घेऊन रानात गेलो. नुकतीच लागण झालेली असल्यामुळे रोपांच्या मधे मोकळी जागा पुष्कळ होती, आणि वाफा भरत आला की पाणी क्षणभर स्थिर होई. मध्यरात्रीच्या सुमारास मृग नक्षत्र डोक्यावर आले होते, त्यामुळे त्याचे प्रतिबिंब माझ्या अगदी पायांशी पडले होते. तीन ताऱ्यांचा बाण, वर तांबूस काक्षी, खाली निळसर राजन्य आणि थोडा पलीकडे व्याध. दुसऱ्या वाफ्याचे दार मोडायला मी खोऱ्याने माती ओढली, तशी पाण्याला लाट आली आणि सगळे मृग विस्कटले. पुन्हा पाणी निवळेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. त्या पाण्यावरूनच आम्ही भावाभावांनी बोलणे टाकले होते.

मी देवाला मानणारा आहे. वडील होते तोवर चैत्रात त्यांच्याबरोबर शिखर शिंगणापूरला जात असे, मुंगी घाटाने चढणाऱ्या कावडी पाहत असे, आणि त्या चढाच्या पायथ्याशीही माणूस लहान वाटतो हे मला माहीत होते. पण त्या रात्रीचे लहान वाटणे निराळे होते. ज्याने हे सगळे मांडले त्याच्यापुढे मी, माझी पाळी आणि माझी खरी बाजू यांची मिळून वाफ्यातल्या एका ढेकळाएवढीही मातब्बरी नव्हती. आणि नवल असे की त्याने अपमान वाटण्याऐवजी छातीवरचे काही उतरल्यासारखे झाले. साताऱ्यापासून घोळवत आणलेली वाक्ये आठवून पाहिली, तर ती सापडेनात.

सकाळी घरी आलो तेव्हा आई देवघरापुढे बसली होती. ताम्हनात तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी महादेवाची पिंड, आणि त्यावर ती एक पळी पाणी घालत होती. काल रात्री जिने देवयानी पाहिली, तीच बाई आज त्याच देवाला पळीभर पाण्यात आंघोळ घालते आहे आणि तिला यात काहीच विसंगत वाटत नाही, हे पाहून मी चौकटीतच थांबलो. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाही. देव इतका मोठा असेल, तर माझी हाक त्याच्यापर्यंत जाते असे मी कशाच्या आधारावर मानतो? या विषयावर आपणा सर्वांचे अनुभव वाचायला आवडतील.

वाईचा_मास्तर

शाहूपुरीकर, आईंना सांगितलेली ‘बाजूला पाहण्याची’ युक्ती अगदी योग्य आहे. आपल्या दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यभागी रंग आणि बारकावे ओळखणाऱ्या पेशी दाटीने असतात, पण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी तिथे नसून त्याच्या सभोवार असतात. म्हणून पुसट वस्तूवर नजर रोखली की ती नाहीशी होते आणि नजर किंचित ढळवली की प्रकटते. शाळेत मी हे कित्येक वर्षे शिकवले, परंतु ते स्वतः अनुभवले निवृत्तीनंतर, पाचगणीच्या पठारावर.

देवयानीबद्दल थोडी भर घालतो. तो पुसट ढग आपल्याच आकाशगंगेतला आहे की बाहेरचा, यावर ज्योतिर्विदांमध्ये बराच काळ वाद होता. 1923 साली एडविन हबल यांना तिच्यात ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणारा एक तारा सापडला, त्यावरून अंतराचा हिशेब मांडता आला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे हे ठरले. म्हणजे आपले विश्व आपल्या आकाशगंगेपुरते नाही हे पक्के कळून सुमारे शंभर वर्षेच झाली आहेत. आईंचा जन्म झाला तेव्हा ही माहिती वीस वर्षांचीदेखील झाली नसेल.

मी स्वतः पूजा करत नाही. तरीही आभाळाखाली माझी मान वाकते, आणि ती कोणापुढे वाकते याचे उत्तर देता न आल्यामुळे तिचे वाकणे खोटे ठरते असे मला वाटत नाही. आपल्या प्रश्नावर एवढेच सुचते की आकार आणि महत्त्व यांची सांगड आपण घालतो, निसर्ग घालत नाही. काक्षी आपल्या सूर्याच्या शेकडो पट रुंद आहे, पण तिला स्वतःचे नाव माहीत नाही. ते ठेवले माणसाने. 2019च्या अखेरीस आणि 2020च्या सुरुवातीला ती विलक्षण मंद झाली होती. तिने स्वतःमधून बाहेर फेकलेल्या द्रव्याची धूळ आड आल्यामुळे तसे झाले हे पुढे शोधून काढले तेही माणसानेच.

पुसेसावळीकर

फार सुंदर लिहिले आहे. दुर्बीण कोणती वापरली? माझ्याही आईला दाखवायचे आहे, आणि तिचे हात थरथरतात.

शाहूपुरीकर

साधी 10×50ची दुर्बीण आहे. हात थरथरत असतील तर आईंना आरामखुर्चीत टेकून बसवा आणि दोन्ही कोपरांखाली उशा द्या. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावा, म्हणजे डोळ्यांचा सराव मोडणार नाही. मोबाईल खिशातच राहू द्या.

कोयनाकाठ

काका, आपला लेख मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना थोडी अस्वस्थ झाले, म्हणून लिहिते आहे. आपल्याला लहान वाटले आणि ओझे उतरले. मला लहान वाटले तेव्हा भीती वाटली होती.

मी परिचारिका आहे. चार वर्षांपूर्वी माझे यजमान अतिदक्षता विभागात होते, आणि ज्या रुग्णालयात मी काम करत नव्हते अशा एका रुग्णालयाच्या बाकावर मी नऊ रात्री काढल्या. सहाव्या रात्री डॉक्टरांनी जे सांगितले ते ऐकून मी गच्चीवर गेले. शहराच्या कडेचे रुग्णालय होते, त्यामुळे तारे बऱ्यापैकी दिसत होते. लहानपणी वडिलांनी ओळखायला शिकवलेले सगळे तारे जिथल्या तिथे होते आणि त्यांतल्या एकालाही खाली काय चालले आहे याचे सोयरसुतक नव्हते. त्या क्षणी देव आहे की नाही असा प्रश्न मला पडला नाही. तो आहे आणि त्याला मी दिसत नाही, असे वाटले, आणि ते जास्त वाईट होते.

पुढे पुष्कळ दिवसांनी गीतेतला विश्वरूपदर्शनाचा अध्याय वाचताना माझे लक्ष एका गोष्टीकडे गेले. अर्जुनाने ते रूप स्वतःहून मागितले होते आणि ते पाहिल्यावर तो आनंदला नाही, भ्यायला. त्याने क्षमा मागितली ती कशाची, तर आजवर याला सखा म्हणून, कृष्ण म्हणून, यादव म्हणून हाका मारल्या याची. आणि लगेच विनवणी केली की मला तुझे पूर्वीचे, ओळखीचे रूप दाखव. माझ्या मनाला लागले ते हे की, ती विनवणी मान्य झाली. ‘एवढे मोठे रूप पाहूनही तुला लहान रूपच हवे का’ असे त्याला कुणी हिणवले नाही.

म्हणून आपल्या आईंच्या पळीभर पाण्यात मलाही काही विसंगत दिसत नाही. मोठ्याकडे पाहून घाबरलेल्या माणसाला हात लावता येईल असे काही लागते. त्या गच्चीवरून मी खाली आले तेव्हा बाकावर शेजारी बसणाऱ्या एका आजींनी, माझे नावही माहीत नसताना, आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली होती. हाक कुठे पोहोचते हे मला सांगता येत नाही. मला ओ मिळाली ती त्या भाकरीतून, एवढे मात्र सांगता येते. यजमान आता बरे आहेत, पण ते बरे झाले नसते तरी मी हेच लिहिले असते असा माझा विश्वास आहे.

माणदेशी_माती

आमचे आजोबा मेंढरे घेऊन दिवाळीनंतर पश्चिमेकडे जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. त्यांच्याकडे घड्याळ नव्हते. मृगाच्या बाणाला ते तिकांडे म्हणत आणि सप्तर्षींना बाजले. म्हातारीचे बाजले चोरून नेणारे तीन चोर, ही गोष्ट त्यांनी आम्हा सगळ्या नातवंडांना सांगितली आहे. तिकांडे कलले की राखणीचा माणूस बदलायचा. ध्रुव कुठे आहे हे ते हात लांब करून दाखवत. आमच्या मुलखात तो क्षितिजापासून दोन मुठींच्या आतच असतो, कारण आपण 18 अक्षांशांच्या जरा खाली आहोत आणि ध्रुव जवळजवळ तितकेच अंश वर दिसतो, हे कारण मला नंतर पुस्तकातून कळले. मूठ मात्र आजोबांची होती.

त्यांना आभाळाखाली लहान वाटत असे का, असे मी एकदा विचारले होते. त्यांना प्रश्नच समजला नाही. रात्रभर उघड्यावर, लांडग्याच्या भीतीने अर्धवट झोपणाऱ्या माणसाला आपण लहान आहोत हे आभाळाने सांगावे लागत नसावे. पण झोपण्याआधी मातीला हात लावून कपाळाला लावायचे आणि वर पाहून खंडोबाचे नाव घ्यायचे, हे त्यांनी एक दिवस चुकवले नाही. मला वाटते, आपल्यासारख्या छपराखाली राहणाऱ्यांना लहानपण जाणवायला घराबाहेर जावे लागते, आणि म्हणून ते जाणवते तेव्हा एवढा हिसका बसतो.

खटावचा_वाचक

चर्चा मनापासून आवडली, तरी एक शंका नोंदवतो. ‘आपण लहान आहोत’ हे वाक्य आपल्या समाजात फार वेळा चुकीच्या माणसांच्या तोंडून चुकीच्या माणसांना ऐकवले गेले आहे. देवापुढे लहान व्हा असे शिकवता शिकवता पुजाऱ्यापुढे, सावकारापुढे आणि गावच्या मातब्बरांपुढे लहान व्हायला लावले गेले, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तसे व्हावे लागले त्यांच्या घरी हे वाक्य गोड लागत नाही. माझे घर त्यांपैकी एक आहे.

महात्मा फुल्यांचे मूळ गाव आमच्याच तालुक्यातले कटगुण. त्यांनी देवासाठी ‘निर्मिक’ हा शब्द वापरला. निर्माण करणारा, एवढाच त्याचा अर्थ. मधे कोणी दलाल नाही आणि कोणी जवळचा-लांबचा नाही. शाहूपुरीकरांच्या लेखातला देव मला या शब्दाच्या जवळ वाटला, म्हणून मी ही शंका विरोधासाठी मांडत नाही. देवयानीच्या अंतरावरून पाहिले तर विहिरीचा मालक आणि विहिरीवरून हाकलला गेलेला माणूस यांच्या उंचीतला फरक मोजता येत नाही. लहानपण सगळ्यांना सारखे वाटून आलेले असेल, तर ते मला मान्य आहे. माझे वडील मला अजिंक्यताऱ्यावरून तारे दाखवत आणि म्हणत की, इथे उभे राहिल्यावर कुणाला कुणाच्या पाया पडावे लागत नाही. ते नास्तिक नव्हते. निर्मिकाला ते मानत असत आणि त्याच्यापुढे ताठ उभे राहत असत.

वाईचा_मास्तर

खटावच्या वाचकांचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते. वाकणे आणि वाकवले जाणे यांत जो भेद आहे तो माझ्या पहिल्या प्रतिसादात यायला हवा होता.

शाहूपुरीकर, आईंचे वय 83 लिहिले आहे म्हणून सुचवतो. पहाटे त्यांना सप्तर्षींमधला वसिष्ठ दाखवा, ज्याच्या शेजारी अरुंधती असते तो. त्याचे अंतर सुमारे 83 प्रकाशवर्षे आहे.

शाहूपुरीकर

सर्वांचे प्रतिसाद मी कागदावर उतरवून घेतले आणि या आठवड्यात पुन्हा गावी गेलो, तेव्हा ते आईला आणि भावाला वाचून दाखवले. कोयनाकाठताई, आपला प्रतिसाद वाचताना माझा आवाज अडला आणि पुढचे भावाने वाचले. मी लिहिले तेव्हा मला वाटले होते की लहानपणाचा दिलासा सगळ्यांना सारखाच मिळत असेल. भरल्या घरी, औषधपाण्याची चिंता नसताना, फक्त एका भांडणाचे ओझे घेऊन मी आभाळाखाली उभा होतो, म्हणून ते मला हलके वाटले असावे. आपण ज्या ओझ्याने उभ्या होतात त्या ओझ्याने उभे राहून मला तसे म्हणता आले असते का, याची खात्री मी देऊ शकत नाही.

खटावच्या वाचकांना एक कबुली द्यायची आहे. विहीर वडिलांनी दोघांच्या नावे केली होती आणि थोरला म्हणून पहिली पाळी माझी, असे मी धरून चाललो होतो. राहायला मी साताऱ्यात आणि रानात राबतो भाऊ. लहान होणे मला फक्त देवापुढे जमत होते, भावापुढे नाही. आता पाळी तो ठरवतो. एवढे सांगायला मला दोन वर्षे लागली आणि त्याला ऐकून घ्यायला एक कप चहा.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणणार नाही. मी अजूनही देवयानीकडे पाहतो आणि अजूनही मला वाटते की हे अंतर कोणत्याही हाकेला पार करता येणार नाही. पण त्या हाकेला निघावे लागत असेल असे मी धरून चाललो होतो; आईच्या देवघरात तसे कुणी धरून चालत नाही. तिथे तो आलेलाच असतो.

मास्तरांनी सुचवल्याप्रमाणे काल पहाटे पाच वाजता आईला अंगणात नेले. थंडी बरीच होती. उत्तरेला ध्रुव आपल्या दोन मुठींच्या आत होता आणि सप्तर्षी चांगले वर आले होते. वसिष्ठ आणि त्याच्या अगदी लगतची बारीक अरुंधती तिला दुर्बिणीतून पटकन दिसली. लग्नात वडिलांबरोबर पाहिली होती, म्हणाली. मग मी तिला अंतर सांगितले. तिने जरा वेळ बोटांवर काही मोजले आणि म्हणाली, ‘म्हंजी मी जल्मले तवा तिथनं निघाला, आन् आज पोचला व्हय?’

मी हो म्हणालो. आईने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि दारात कुणी वडीलधारे आल्यावर घ्यावा तसा डोक्यावरून पदर घेतला.